एकच भिंग निवडताना

फत्तेपूर सिक्रीच्या बुलंद दरवाजासमोर हिवाळ्यातील बहुतेक सकाळी एक दृश्य पाहावयास मिळते. गळ्यात कॅमेरा अडकवलेला एखादा गृहस्थ तो डोळ्याला लावून एकेक पाऊल मागे सरकत असतो. कमानीचा माथा चौकटीत घ्यावा तर खालच्या पायऱ्या सुटतात आणि पायऱ्या घ्याव्यात तर माथा सुटतो. शेवटी "अहो, मागे पाहा, पडाल!" अशी पत्नीची हाक येते आणि माथा तुटलेल्या दरवाजाच्या चित्रावर समाधान मानावे लागते. तासाभराने तोच गृहस्थ सलीम चिश्ती यांच्या दर्ग्यात संगमरवरी जाळीला दोरा बांधणाऱ्या बाईचे चित्र घेऊ पाहतो. जाळीतून झिरपणारा उजेड डोळ्यांना पुरेसा वाटतो, पण कॅमेऱ्याला पुरत नाही आणि चित्र हलते. दुसऱ्या दिवशी भरतपूरच्या पाणथळीत पलीकडच्या बाभळीवर चित्रबलाक बसलेला दिसतो; चित्रात मात्र तो तांदळाच्या दाण्याएवढा उमटतो.

दोन दिवसांच्या या प्रवासात एका माणसाच्या तीन तक्रारी झाल्या. पहिल्या ठिकाणी दृश्य मावले नाही, दुसऱ्या ठिकाणी उजेड पुरला नाही आणि तिसऱ्या ठिकाणी पक्षी दूर राहिला. घरी परतल्यावर या तिन्ही तक्रारींचे निवारण करणारे एकच भिंग विकत घेण्याचा निश्चय तो करतो आणि दुकानात जातो. दुकानदार काचेवर पाचसहा भिंगे मांडतो. त्यांच्यावर १८-५५, १८-१४०, १६-८०, १८-२००, १८-४०० असे आकडे कोरलेले असतात. कित्येकदा या भिंगाची किंमत मूळ कॅमेऱ्याहून अधिक असते आणि मध्यमवर्गीय कुटुंबात अशी खरेदी पुन्हा पुन्हा होत नाही. म्हणून हे आकडे काय सांगतात आणि काय सांगत नाहीत, हे पैसे मोजण्यापूर्वी समजून घेणे अगत्याचे आहे.

ज्या कॅमेऱ्याला डिजिटल एसएलआर म्हणतात, त्यात भिंगातून आलेला प्रकाश एका तिरक्या आरशावर पडून वर वळतो आणि तेथील लोलकातून किंवा आरशांच्या जोडीतून डोळ्यापर्यंत पोहोचतो. बटण दाबताच आरसा वर उचलला जातो आणि तोच प्रकाश मागील संवेदकावर पडतो. जे भिंग पाहते तेच डोळा पाहतो, हा या रचनेचा मोठा गुण होय. त्यामुळेच भिंग बदलले की दिसणारे दृश्यही तत्क्षणी बदलते आणि निरनिराळ्या कामांसाठी निरनिराळी भिंगे लावण्याची सोय होते.

भिंगावरील आकडा त्याचे नाभीय अंतर मिलिमीटरमध्ये दाखवतो. हे अंतर जितके लहान तितके अधिक विस्तृत दृश्य चौकटीत येते; जितके मोठे तितका दृश्याचा लहानसा तुकडा मोठा होऊन दिसतो. मात्र हा आकडा संवेदकाच्या आकाराशी ताडून पाहावा लागतो. जुन्या फिल्मची चौकट ३६ मिलिमीटर लांब आणि २४ मिलिमीटर रुंद असे. बहुसंख्य हौशी डिजिटल कॅमेऱ्यांतील संवेदक त्याहून लहान, म्हणजे निकॉनमध्ये सुमारे २३.५ मिलिमीटर आणि कॅननमध्ये सुमारे २२.३ मिलिमीटर लांबीचा असतो. लहान संवेदक दृश्याच्या कडा कापतो. त्यामुळे अशा कॅमेऱ्यावरील १८ मिलिमीटरचे भिंग फिल्मच्या कॅमेऱ्यावरील सुमारे २७ ते २९ मिलिमीटरच्या भिंगाएवढेच दृश्य दाखवते. फिल्मच्या काळात २४ मिलिमीटरचे भिंग खूप विस्तृत समजले जाई. तेच आज लहान संवेदकाच्या कॅमेऱ्यावर लावून पुष्कळजण निराश होतात, त्याचे कारण हेच.

आता बुलंद दरवाजाकडे परत जाऊ. खालच्या जमिनीपासून त्याची उंची सुमारे ५४ मीटर आहे. कॅमेरा उभा धरला तर त्याच्या संवेदकाची २३.५ मिलिमीटरची बाजू उंचीला मिळते. साध्या त्रैराशिकाने पाहिले, तर ५४ मीटर उंचीची वस्तू तेवढ्या जागेत बसवण्यासाठी १८ मिलिमीटरच्या भिंगाला सुमारे ४१ मीटर अंतर लागते, २४ मिलिमीटरच्या भिंगाला ५५ मीटर आणि ५० मिलिमीटरच्या भिंगाला ११५ मीटर. कॅमेरा वर कलता धरावा लागत असल्यामुळे प्रत्यक्षातील अंतर थोडे निराळे येईल, परंतु प्रमाण हेच राहील. अर्थात १८ आणि २४ यांतील सहा मिलिमीटरचा फरक म्हणजे चौदा मीटर मागे जाणे होय, आणि मागे पायऱ्यांचा उतार असेल तर तेवढी जागा पायाखाली सापडतेच असे नाही. विस्तृत टोकाकडील एक-दोन मिलिमीटरही मोलाचे असतात. १६ पासून सुरू होणाऱ्या भिंगासाठी दुकानदार अधिक पैसे मागतो, ते याच दोन मिलिमीटरांचे असतात.

ज्या भिंगाचे नाभीय अंतर हाताने कडे फिरवून बदलता येते, त्यास झूम भिंग म्हणतात. चित्रपटांच्या कॅमेऱ्यांसाठी अशी भिंगे १९३०च्या दशकातच वापरात आली होती. व्हिएन्नाहून अमेरिकेत गेलेल्या फ्रँक बॅक यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस दूरचित्रवाणीसाठी ‘झूमर’ नावाचे भिंग तयार केले. त्याच नावाचे, ३६ ते ८२ मिलिमीटरचे भिंग १९५९ मध्ये फोक्टलेंडर या जर्मन कंपनीने स्थिर छायाचित्रणाच्या कॅमेऱ्यासाठी बाजारात आणले. या प्रकारच्या कॅमेऱ्यांसाठी बाजारात आलेले ते पहिलेच झूम भिंग मानले जाते. १९६३ मध्ये निकॉनचे ४३ ते ८६ मिलिमीटरचे भिंग निघाले. ते लोकप्रिय झाले, परंतु सरळ रेषा वाकड्या दाखवण्याबद्दलही त्याची ख्याती झाली. सोय आणि तिची किंमत या दोन्ही गोष्टी झूम भिंगाच्या जन्मापासूनच अशा जोडीने चालत आल्या आहेत. १९९२ मध्ये टॅमरॉनने २८ ते २०० मिलिमीटरचे भिंग आणले आणि सगळे एकाच नळीत सामावण्याची चढाओढ सुरू झाली. त्याच कंपनीचे २०१७ मधील १८ ते ४०० मिलिमीटरचे भिंग आपले नाभीय अंतर बावीस पटींहून अधिक वाढवू शकते.

ही किंमत का द्यावी लागते, हे समजण्यासाठी नळीच्या आत डोकावले पाहिजे. एकट्या काचेतून गेलेले सर्व रंग एकाच बिंदूवर मिळत नाहीत आणि कडेचे किरण मधल्या किरणांशी जुळत नाहीत. हे दोष दूर करण्यासाठी निरनिराळ्या काचांची भिंगे एकापुढे एक बसवावी लागतात. नाभीय अंतर कायम असेल तर हा मेळ एकदाच जमवावयाचा असतो. निकॉनच्या ५० मिलिमीटरच्या एफ/१.८ या साध्या भिंगात सात काचांनी हे काम भागते आणि त्याचे वजन १८५ ग्रॅम भरते. त्याच कंपनीच्या, २००५ मध्ये निघालेल्या १८ ते २०० मिलिमीटरच्या भिंगात सोळा काचा असून वजन ५६० ग्रॅम आहे. कडे फिरवताना या काचांचे गट पुढेमागे सरकतात आणि प्रत्येक ठिकाणी मेळ पुन्हा जमावा लागतो. १८ वर जुळलेले दोष १०० वर जुळतीलच असे नाही. म्हणून रचनाकार सर्वत्र थोडे थोडे सोडून देतो. विस्तृत टोकाला इमारतींच्या कडा पिंपाप्रमाणे फुगतात, मधल्या भागात त्या आत वळतात आणि दूरच्या टोकाला कोपऱ्यांतील रेखीवपणा मंदावतो. वाकलेल्या रेषा आणि कडांवरील रंगीत झालर आज संगणकावर बऱ्याच अंशी दुरुस्त करता येतात; हरवलेला तपशील मात्र परत आणता येत नाही.

झूमचा पल्ला जितका मोठा तितकी ही तडजोड मोठी, हा स्थूल नियम मनाशी बाळगावा. तीन ते पाच पट पल्ल्याची भिंगे साधारणपणे सर्व अंतरांवर समाधानकारक काम देतात. दहापट आणि त्यापुढील भिंगांत ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ अशी अवस्था होण्याचा धोका असतो. तो धोका प्रत्येक भिंगात खरा ठरतो असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु तो गृहीत धरूनच खरेदीस निघावे.

भिंगावर दुसराही एक आकडा असतो आणि नवखा ग्राहक नेमका तोच वाचीत नाही. एफ/३.५-५.६ असे लिहिलेले असते, तेव्हा हे भिंग विस्तृत टोकाला आपले रंध्र जास्तीत जास्त एफ/३.५ पर्यंत आणि दूरच्या टोकाला एफ/५.६ पर्यंतच उघडू शकते, असा त्याचा अर्थ. नाभीय अंतराला रंध्राच्या व्यासाने भागले असता हा अंक येतो. म्हणून अंक लहान तेवढे रंध्र मोठे. प्रकाश रंध्राच्या क्षेत्रफळावर अवलंबून असल्यामुळे एफ/५.६ पेक्षा एफ/२.८ वर तो दुप्पट नव्हे, चौपट मिळतो. २०० मिलिमीटरच्या भिंगाला एफ/५.६ साठी सुमारे ३६ मिलिमीटर रुंद रंध्र पुरते, तर एफ/२.८ साठी ७१ मिलिमीटरचे हवे. वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांची ७० ते २०० मिलिमीटरची एफ/२.८ भिंगे दीड किलोच्या आसपास भरतात, त्याचे मूळ या साध्या भागाकारात आहे. हलके, स्वस्त, लांब पल्ल्याचे आणि भरपूर प्रकाश घेणारे असे भिंग कोणत्याही कारखान्यात होऊ शकत नाही. या चार गुणांपैकी कोणते सोडावयाचे, एवढेच ग्राहकाच्या हाती असते.

दर्ग्यातील प्रसंग याच दृष्टीने पाहावा. समजा, तेथील उजेडात एफ/१.८ ला सेकंदाचा साठावा भाग पुरतो. त्या जागी लांब पल्ल्याचे झूम भिंग ३५ मिलिमीटरवर लावले, तर त्याचे रंध्र एफ/४.५ च्या आसपास अडते. प्रकाश सहापट कमी होतो आणि सेकंदाचा दहावा भाग द्यावा लागतो. दोरा बांधणारा हात तेवढ्या वेळात स्थिर राहत नाही. संवेदकाची संवेदनक्षमता, म्हणजे आयएसओचा आकडा, वाढवून वेळ कमी करता येतो, पण चित्रात वाळूसारखे कण दिसू लागतात. जो माणूस मुख्यत्वे घरातील समारंभ, मंदिरांचे गाभारे, लेणी आणि नाट्यगृहे यांत चित्रे घेतो, त्याने लांब पल्ल्याच्या मोहात न पडता हा दुसरा आकडा आधी वाचावा.

येथे स्थिरीकरणाचा मुद्दा उपस्थित होतो. बहुतेक आधुनिक झूम भिंगांत हाताचा कंप ओळखून एक काच उलट दिशेने हलवणारी यंत्रणा असते. हातात धरलेल्या कॅमेऱ्यासाठी शटरचा वेळ नाभीय अंतराच्या व्यस्त प्रमाणात ठेवावा, असा जुना संकेत आहे. लहान संवेदकावर २०० मिलिमीटरला तो सेकंदाच्या तीनशेव्या भागाएवढा येतो. चांगले स्थिरीकरण असेल तर विसाव्या भागातही निश्चल इमारतीचे चित्र स्वच्छ येऊ शकते. परंतु ही यंत्रणा चित्र घेणाऱ्याच्या हाताचा कंप थांबवते. समोरच्या माणसाचा हात, धावणारे मूल किंवा उडणारा पक्षी यांना ती थांबवू शकत नाही. त्यांना थांबवण्यास अधिक प्रकाशच लागतो. स्थिरीकरण असले की रंध्र लहान असले तरी चालते, हे विधान अर्धेच खरे आहे.

तिसरी तक्रार अंतराची. चित्रबलाकाची उंची सुमारे एक मीटर असते. तो ४० मीटरवर बसला असता ५५ मिलिमीटरचे भिंग त्याची प्रतिमा संवेदकावर जेमतेम १.४ मिलिमीटर उंचीची पाडते. २०० मिलिमीटरचे भिंग ५ मिलिमीटरची पाडते आणि ती आडव्या चौकटीची तिसरा हिस्सा उंची व्यापते. एवढ्यावर सुंदर चित्र होते. पण खंड्यासारखा वीतभर पक्षी २० मीटरवर असेल, तर २०० मिलिमीटरलाही त्याची प्रतिमा तीन मिलिमीटरच्या आतच राहते. २४ दशलक्ष बिंदूंच्या संवेदकावर ही उंची सुमारे सातशे बिंदूंची होते. कडा कापून पोस्टकार्डाएवढे चित्र काढता येईल, भिंतीवर लावण्याजोगे मोठे चित्र निघणार नाही. येथे ३०० आणि ४०० मिलिमीटरचे महत्त्व कळते. मात्र लांब पल्ल्याच्या भिंगांचे रंध्र दूरच्या टोकाला एफ/६.३ वर अडते. एसएलआरमध्ये रोख आपोआप साधणारी यंत्रणा आरशाखाली, कॅमेऱ्याच्या तळाशी असते आणि अनेक कॅमेऱ्यांत ती एफ/५.६ पर्यंतच्या प्रकाशाला अनुसरून बनवलेली असते. एफ/६.३ ची भिंगे चालतात खरी, पण पहाटेच्या धुक्यात ती पुढेमागे चाचपडत राहतात. पक्षी तोवर थांबत नाही.

आणखी एक गोष्ट माहितीपत्रकावर छापलेली नसते. लांब पल्ल्याच्या अनेक भिंगांवर २०० चा आकडा असला, तरी तो दूरच्या वस्तूंनाच लागू असतो. दोनतीन मीटरवरील फुलपाखरावर रोख धरला की आतील काचांच्या हालचालीमुळे नाभीय अंतर प्रत्यक्षात बरेच घटते. असे भिंग आणि स्थिर नाभीय अंतराचे तेवढ्याच आकड्याचे भिंग शेजारी शेजारी लावून पाहिल्यास हा फरक नजरेत भरतो.

एवढी चर्चा झाल्यावर दुकानातील काचेवरची भिंगे तीन घराण्यांत विभागता येतात. पहिले घराणे मध्यम पल्ल्याचे : निकॉनचे १८-१४०, कॅननचे १८-१३५. सातआठ पट पल्ला, माफक वजन, एफ/३.५-५.६ चे रंध्र. घरगुती प्रवास, इमारती, मुलाबाळांची चित्रे यांसाठी बहुसंख्यांचे काम यांवर भागते. दुसरे घराणे आखूड पण प्रकाशाच्या बाबतीत उदार : निकॉनचे १६-८० किंवा सिग्माचे १७-७०, ज्यांचे रंध्र एफ/२.८ पासून एफ/४ पर्यंत राहते, आणि टॅमरॉनचे १७-५०, जे सर्व अंतरांवर एफ/२.८ देते. यांत पक्षी हाती लागत नाहीत, परंतु विस्तृत दृश्ये, माणसे आणि अंधुक जागा यांना ही भिंगे अधिक न्याय देतात. तिसरे घराणे सर्वसंग्राहक : १८-२००, १८-३००, १८-४००. ज्या प्रवाशाला धुळीच्या वाटेवर भिंग बदलणे शक्य नाही, ज्याला एकाच वाटेवर किल्ला आणि घार दोन्ही टिपावयाची आहेत, आणि जो चित्रे प्रामुख्याने पडद्यावरच पाहणार आहे, त्याने हे घराणे खुशाल निवडावे. भिंग बदलताना हुकलेले चित्र कितीही चांगल्या भिंगाने परत मिळत नाही, हा त्याच्या बाजूचा युक्तिवाद बिनतोड आहे.

मग आपले घराणे कोणते, हे ग्राहकाने कसे ठरवावे? याचे उत्तर दुकानात मिळत नाही. ते घरी, त्याच्याच जुन्या चित्रांत असते. डिजिटल कॅमेरा प्रत्येक चित्राबरोबर नाभीय अंतर, रंध्र, शटरचा वेळ आणि आयएसओ यांची नोंद ठेवतो. संगणकावर चित्राचा तपशील उघडला की ती दिसते. गेल्या दोन वर्षांतील आवडती शंभर चित्रे निवडावीत आणि कागदावर रकाने पाडून प्रत्येकाचे नाभीय अंतर टिपावे. तासाभराच्या या कामातून पुष्कळांना आश्चर्याचा धक्का बसतो. स्वतःला पक्षिनिरीक्षक समजणाऱ्याच्या आवडत्या चित्रांत निम्मी नातवंडांची निघतात. लांब पल्ल्याचे भिंग मागणाऱ्याची बहुतेक चित्रे १८ वरच घेतलेली असतात.

हे रकाने वाचताना थोडा विवेक मात्र हवा. कॅमेऱ्याबरोबर मिळालेल्या १८-५५ च्या भिंगाने घेतलेली पुष्कळ चित्रे ५५ वर साचली असतील, तर मालकाला अधिक लांब जावयाचे होते असा एक अर्थ होतो. चार पावले पुढे चालण्याचा त्याने कंटाळा केला, असा दुसराही होतो. कडे फिरवणे आणि चालणे या एकच गोष्टी नव्हेत. कड्याने चौकट लहानमोठी होते, परंतु वस्तूंचे परस्परांशी असलेले प्रमाण पाहणाऱ्याच्या जागेवर अवलंबून असते. माणसाच्या अगदी जवळ जाऊन १८ वर चित्र घेतले की नाक मोठे आणि कान लहान होतात; दोनतीन मीटर मागे येऊन ५५ वा ७० वर घेतले की चेहरा आपल्या मूळ डौलात येतो. आधी उभे राहण्याची जागा ठरवावी आणि मग कडे फिरवावे, हा क्रम ज्याने अंगी बाणवला त्याला लहान पल्ल्याचे भिंगही पुष्कळ देते.

भिंग ठरले की ते आपल्या कॅमेऱ्यावर पूर्णपणे चालेल की नाही, हे पाहणे ओघाने आले. कॅननची ईएफ-एस भिंगे मोठ्या संवेदकाच्या कॅमेऱ्यावर बसतच नाहीत. निकॉनच्या ३००० आणि ५००० मालिकेतील कॅमेऱ्यांत रोख साधणारी मोटर नसते. म्हणून भिंगात स्वतःची मोटर नसेल तर रोख हाताने साधावा लागतो. निकॉनची एएफ-पी वर्गातील नवी भिंगे कंपनीच्या काही जुन्या कॅमेऱ्यांवर रोखच साधू शकत नाहीत. अक्षरांचा हा गोंधळ कंटाळवाणा खरा, पण न वाचल्यास महागात पडतो.

काळाचाही विचार येथे करावयास हवा. आरशाच्या कॅमेऱ्यांचा बहर आता ओसरला आहे. २०२० नंतर कॅनन आणि निकॉन या दोन्ही मोठ्या कंपन्यांनी आपला भर आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांवर दिला आहे. मग अशा भिंगावर पैसे घालणे शहाणपणाचे काय, अशी शंका रास्त आहे. तिची दुसरी बाजू अशी की, नव्या कॅमेऱ्यांकडे वळलेल्या लोकांची उत्तम भिंगे आज वापरलेल्या मालाच्या बाजारात पुष्कळ उपलब्ध आहेत आणि योग्य जोडकडे वापरल्यास ती नव्या कॅमेऱ्यांवरही लावता येतात. ज्याचा कॅमेरा अद्याप सुस्थितीत आहे, त्याने केवळ फॅशन बदलली म्हणून तो टाकून देण्याचे कारण नाही. अंथरूण पाहून पाय पसरणाऱ्याला हा काळ उलट अनुकूलच म्हणावा लागेल.

वापरलेले भिंग घेताना परीक्षा कसोशीने करावी. रंध्र पूर्ण उघडून एका बाजूने विजेरीचा झोत टाकावा आणि दुसऱ्या बाजूने तिरके पाहावे. धुळीचे चार कण दिसल्यास बिघडत नाही; कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसल्यास ती बुरशी समजावी आणि भिंग नम्रपणे परत करावे. नळी खाली तोंड करून धरावी. आपल्याच वजनाने ती घसरत बाहेर येत असेल तर उंच झाडावरील पक्षी टिपताना ती त्रास देईल. त्यानंतर दुकानाच्या भिंतीवर वर्तमानपत्राचे पान सपाट लावून आपल्याच कॅमेऱ्याने आखूड, मधल्या आणि लांब टोकाला एकेक चित्र घ्यावे आणि ते पडद्यावर मोठे करून चारही कोपरे तपासावेत. तीन कोपऱ्यांतील अक्षरे वाचता येतात आणि चौथ्यातील येत नाहीत, असे आढळल्यास आतील एखादी काच जागेवरून ढळलेली असण्याचा संभव असतो. नव्या भिंगाचीही हीच परीक्षा घेण्यास संकोच करू नये.

भिंग घरी आल्यावर त्याचा मोठा शत्रू म्हणजे ओल. कोकणात, मुंबईत, कोलकात्यात किंवा केरळात पावसाळ्याचे चार महिने चामड्याच्या पिशवीत बंद ठेवलेल्या भिंगावर बुरशी चढण्यास वेळ लागत नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून त्यात भिंग ठेवावे, पुड्या अधूनमधून बदलाव्यात, आणि भिंग वरचेवर वापरावे. वापरात असलेल्या भिंगाला वारा आणि ऊन मिळत राहते. कपाटात जपून ठेवलेले भिंगच बहुधा आधी खराब होते.

आता सिक्रीच्या त्या गृहस्थाला काय सांगावे? त्याने आपली शंभर चित्रे तपासली आणि त्यांत इमारती व माणसेच अधिक निघाली, तर त्याने १६-८० सारखे आखूड, उदार भिंग घ्यावे आणि चित्रबलाक डोळ्यांनीच मनसोक्त पाहावा. अंधुक जागांची चित्रे थोडीच पण जिव्हाळ्याची असतील, तर १८-१४० घेऊन उरलेल्या पैशांत ३५ मिलिमीटरचे एफ/१.८ चे लहान भिंग खिशात टाकावे; दोनशे ग्रॅमचे हे ओझे दर्ग्यातील चित्र वाचवील. आणि चित्रांत खरोखरच पक्षी व दूरची शिखरे भरलेली असतील, तर त्याने लांब पल्ल्याचे भिंग घेऊन अंधाराशी व कोपऱ्यांतील धूसरपणाशी तह करावा. तिन्ही निर्णय योग्य आहेत, कारण तिन्हींत काय मिळाले आणि काय सोडले हे घेणाऱ्याला ठाऊक आहे. ज्याला सोडलेल्या गोष्टीचा पत्ता नसतो तोच पुढच्या वर्षी नव्या भिंगासाठी पुन्हा दुकानाची पायरी चढतो.

सर्व कामे करणारे भिंग अद्याप कोणी बनवलेले नाही आणि प्रकाशाचे नियम पाहता ते बनण्याची आशाही धरू नये. आपली कामे करणारे भिंग मात्र बहुतेकांना मिळू शकते. ते एकदा मिळाले की त्याच्या मर्यादा हाताला सवयीच्या होतात, कडे न पाहता फिरू लागते, आणि मग कॅमेरा डोळ्याला लावलेल्या माणसाचे लक्ष आकड्यांवरून निघून समोरच्या दृश्याकडे जाते. बुलंद दरवाजापुढे मागे सरकताना पाठीमागची पायरीही त्याला वेळेवर दिसते.